चित्र तेवढं बिघडवा

सासरच्या मंडळींनी जावयाचं नाव भिंगराव ठेवलं होतं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून नव्हे. चष्म्याची दुकानं पुष्कळांची असतात. हा गृहस्थ सिनेमासुद्धा भिंग लावल्यासारखा बघायचा, म्हणून. पडद्यावर नायिका प्राण सोडत असली आणि खोलीतले सगळे नाकं ओढत असले, की हा पुढे वाकून विचारायचा, डावीकडच्या कोपऱ्यातला ओरखडा दिसला का? तो कुणालाच दिसलेला नसायचा. मग हा रिमोट घेऊन सिनेमा मागे न्यायचा, नायिकेला परत जिवंत करायचा आणि सगळ्यांना ओरखडा दाखवायचा. तिला पुन्हा मरताना बघण्यात मग कुणाला गोडी उरायची नाही.

बायको त्याची यावरून भरपूर फिरकी घ्यायची. लग्नाआधी मुलाला व्यसन आहे का एवढंच आम्ही विचारलं, डिस्क आहेत का ते विचारायचं राहून गेलं, असं ती आल्यागेल्याला सांगत असे. तिचंही खोटं नव्हतं. घरातल्या चांगल्या कपाटात कपड्यांऐवजी डिस्क उभ्या होत्या आणि त्यातला एक अख्खा कप्पा एकाच सिनेमाने अडवला होता. 'तळ्यातली बाई'. जुना, कृष्णधवल, भुताचा. ओस पडलेल्या बंगल्यात राहायला आलेला एक डॉक्टर, बंगल्यामागचं तळं, आणि संध्याकाळ झाली की त्या तळ्यातून वर येणारी बाई. आज ज्यांचे केस पिकलेत त्या पिढीने हा सिनेमा जीव मुठीत धरून पाहिला होता.

भिंगरावाकडे त्याची सगळ्यात आधी निघालेली कॅसेट होती. तिच्यात बंगल्याच्या आतसुद्धा पाऊस पडत असल्यासारखं दिसे. मग आली पहिली डिस्क. ती काढणाऱ्यांनी चित्राच्या दोन्ही कडा कापल्या होत्या, त्यामुळे डॉक्टर बराच वेळ भिंतीशी बोलतोय असं वाटायचं. दुसऱ्या डिस्कवाल्यांनी सगळं इतकं धुऊनपुसून काढलं होतं की माणसं मेणाची झाली होती, आणि वर उजेड एवढा वाढवला होता की भूत जेवण करून शतपावलीला निघाल्यासारखं दिसे. तळ्यातून वर येणाऱ्या बाईचा चेहरा मात्र कशातच धड नव्हता. नाक नाही, डोळे नाहीत, सोललेल्या अंड्यासारखा नुसता पांढरा. तिच्या उजव्या हाताच्या बोटावर काहीतरी चमकायचं. भिंगरावाच्या मते तो फिल्मवरचा धुळीचा कण होता. तेवढा कण पुसून घ्या म्हणून त्याने डिस्कच्या कंपनीला फोनही केला होता. पलीकडच्या मुलीने बघते म्हणून फोन ठेवला.

एवढा जीव या एकाच सिनेमावर का, तर लहानपणी त्याने तो शेजाऱ्यांच्या घरी पाहिला होता आणि त्यानंतर कित्येक महिने त्याला खोलीच्या कोपऱ्यात ती बाई ओल्या केसांनी उभी दिसत असे. मोठेपणी त्याला एक उपाय सापडला. डाग, धूळ, ओरखडे शोधत बसलं की भूत दिसतच नाही. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला अर्थातच माहीत होतं.

सासऱ्यांनाही हाच सिनेमा प्रिय होता, पण वेगळ्या कारणाने. ते वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले, पण त्यांच्या स्वतःच्या एका गोष्टीचं माप दर वर्षी वाढत गेलं. गोष्ट अशी, की लग्न ठरण्याआधी घरच्यांच्या परवानगीने त्या दोघांना एकदा सिनेमाला पाठवलं होतं. सिनेमा यांनीच निवडला. तळ्याचा सीन आला आणि सासूबाईंनी घाबरून यांचा हात धरला. तिथेच यांनी मनाशी ठरवलं, की मुलगी हीच. मूळ गोष्ट एवढीच. पुढे तिच्यात सासूबाईंची नखं रुतली. मग रक्त आलं. मग सासूबाईंना चक्कर आली, आणि गेल्या वर्षीपासून सासरे त्यांना आधार देऊन टॉकीजबाहेर नेऊन लिंबाचं सरबत पाजू लागले होते. गोष्ट चालू असताना सासूबाई सुईत दोरा ओवत नाहीतर कुणाच्या तरी शर्टाचं बटण लावत बसलेल्या असत. "हो ना," एवढंच म्हणत.

यंदा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला आणि नेमकी त्याच सुमाराला 'तळ्यातली बाई'ची नवी डिस्क निघाली. मूळ निगेटिव्ह कुठल्याशा गोदामात सापडली होती, तिच्यावरून ही केलेली. भिंगरावाने ती निघायच्या आधीच सांगून ठेवली होती. रविवारी दुपारी दोघांना जेवायला बोलवायचं, पडदे ओढायचे आणि मोठ्या टीव्हीवर सिनेमा लावायचा, असं ठरलं. सासरे इतके खूश झाले की फोनवर त्यांनी जावयालाच पुन्हा सगळी गोष्ट सांगितली, सरबतासकट.

भेट द्यायची वस्तू आधी तपासून घ्यावी, असं भिंगरावाने स्वतःला बजावलं आणि डिस्क दुकानात नेली. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासायचं मशीन होतं, त्याच्या शेजारी त्याने एक छोटा पण चांगला टीव्ही ठेवला होता. डिस्क लावली आणि पहिल्या दोन मिनिटांतच त्याचे डोळे भरून आले. डॉक्टरच्या कोटाचं विणकाम दिसत होतं. बंगल्याच्या भिंतीवरची ओल दिसत होती. काळं होतं ते काळंच होतं, पण त्या काळ्यातही झाडं वेगळी आणि पाणी वेगळं. डॉक्टर इतकी वर्षं भिंतीशी नव्हे तर म्हाताऱ्या माळ्याशी बोलत होता. ओरखडा एक नाही. भिंगरावाला काही शोधायलाच उरलं नाही, त्यामुळे बऱ्याच वर्षांनी तो सिनेमा बघू लागला.

तळ्याचा सीन आला. पाणी हललं. आधी केस, मग खांदे, मग चेहरा. बाईने उजवा हात वर केला, आणि बोटावरचा तो धुळीचा कण धुळीचा नव्हता. ते अंगुस्तान होतं. शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात, ते. भूत बोटात अंगुस्तान घालून पाण्यातून वर आलं होतं.

त्याने चित्र तिथेच थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढली. लोक माणसाचा चेहरा नाकाडोळ्यांवरून ओळखतात, चष्मेवाले कानांवरून ओळखतात. या बाईचा डावा कान उजव्यापेक्षा किंचित वर होता. असे कान असले की चष्मा एका बाजूला कलतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याची डावी काडी वाकवून द्यावी लागते. अशी एक काडी तो लग्न झाल्यापासून वाकवत आला होता. डाव्या भुवईत मधेच जरा फट होती. तीही त्याच्या ओळखीची होती. त्याने टीव्ही बंद केला, उठून पाणी प्यायला, आणि परत लावला. फरक पडला नाही. लहानपणी जी बाई त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात उभी असायची, तिच्याच घरी तो दर पंधरा दिवसांनी जेवायला जात होता, आणि ती त्याला आग्रह कर-करून वाढत होती.

घरी गेल्यावर त्याने बायकोला मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. तिने तो मोठा केला, लहान केला, आडवा केला, आणि मग पलंगावर बसून उशीत तोंड खुपसून हसली. हसून झाल्यावर म्हणाली, आई लग्नाआधी शिवणकाम करायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कुठे करायची, हे कुणी कधी विचारलंच नाही. आईलाच विचार, पण बाबांच्या समोर नको, असं तिने सुचवलं. शिवाय तू तिला घाबरतोस ते बरोबरच होतं, असंही.

विचारायला कुठे जावं लागलं नाही. दोनच दिवसांत सासूबाई चष्मा घेऊन दुकानात आल्या. काडी सैल झाली होती. भिंगरावाने त्यांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवलं, काडी गरम करून वाकवली, चष्मा पुसून त्यांना घालायला दिला आणि नीट दिसतंय का बघा म्हणून टीव्ही लावला. पडद्यावर तळं होतं आणि तळ्यात त्या होत्या.

सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"अंगुस्तान काढायचं राहिलंच होतं तर," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या वेळी त्या सिनेमाच्या कपडेपटात शिवायला होत्या. तळ्याच्या सीनसाठी नायिकेचा पांढरा झगा त्यांनीच शिवला होता. संध्याकाळ व्हायला आली तरी नायिका पाण्यात उतरेना. पाणी गार आहे, खाली चिखल आहे, चिखलात जळवा असतील. उजेड चालला होता. दिग्दर्शक काठावर येरझाऱ्या घालत होता, आणि ह्या खाली बसून झग्याची उसवलेली किनार टाचत होत्या. त्याने ह्यांच्याकडे पाहिलं, नायिकेकडे पाहिलं. उंची सारखीच होती. झगा हिलाच घाला म्हणाला. तेव्हा कुणी विचारायची पद्धत नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. एकदा बुडून वर आल्या तर कॅमेरावाला म्हणाला, फार पटकन आली. दुसऱ्यांदा वर आल्या तर त्यांना शिंक आली. तिसऱ्यांदा जमलं.

लग्नाचं जमवताना मुलाकडच्यांना मुलगी शिवणकाम करते एवढंच सांगितलं होतं. ते खरंच होतं. त्या घरात सिनेमा बघायला हरकत नव्हती, पण सिनेमातली माणसं म्हटली की भुवया वर जायच्या. आणि मुलाने पहिल्याच भेटीत नेमका हाच सिनेमा निवडला. बाहेर पडल्यावर आपण होऊन सांगून टाकू, असं सासूबाईंनी ठरवलं होतं.

"सीन आला तशी मी मान वर करून बघत होते," त्या म्हणाल्या. "स्वतःला कधी एवढं मोठं पाहिलं नव्हतं हो. पण चेहरा दिसेचना, नुसता पांढरा फटक. मी डोळे ताणून बघतेय, तेवढ्यात यांनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली."

"यांनी?" भिंगरावाने विचारलं.

"मग काय मी? मी कशाला आवळू? मला माहीत होतं ना तिथे काय आहे ते."

बाहेर आल्यावर ते इतक्या आनंदात होते. घाबरलीस ना, मी होतो म्हणून बरं, असं म्हणाले. कानशिलावर घामाचा थेंब होता तो रुमालाने टिपत म्हणाले. आता त्या माणसाला कसं सांगायचं, की तुम्ही ज्याला घाबरलात ती मीच? लग्न झाल्यावर सांगू म्हटलं. लग्न झालं, मग मूल झालं की सांगू. आणि ते राहूनच गेलं. पुढे पुढे त्यांना ती गोष्ट सांगण्यात इतकी मजा यायला लागली, की खरं सांगणं म्हणजे लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेण्यासारखं झालं असतं.

त्या उठल्या, पिशवी घेतली, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"जावईबापू, एक करा. रविवारी चित्र तेवढं बिघडवा."

भिंगरावाने रिमोट खाली ठेवला. मूळ निगेटिव्हवरून केलेली डिस्क आहे, असं चित्र पुन्हा मिळायचं नाही, असं तो काहीतरी बोलू लागला. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, एवढ्या वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलंय का? त्याला काही आठवेना. दिलेलंच सगळं आठवायला लागलं. त्याने मान हलवली.

बायकोला हे कळल्यावर तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आमच्याकडे शनिवारी चित्र बिघडवण्याची तालीम आहे, असं ती गाणं म्हटल्यासारखं घरभर म्हणत फिरली. नवीन डब्यात जुनीच डिस्क घालून लाव की, असा सोपा मार्गही तिने सुचवला. पण डब्यात एक आणि आत दुसरंच, हा माल वजनमापं निरीक्षकाला देण्याची भिंगरावाची छाती होईना. तेव्हा शनिवारी संध्याकाळी तो रिमोट घेऊन टीव्हीसमोर बसला. उजेड कमी केला. बायको म्हणाली, अजून आईच आहे. काळं आणखी काळं केलं. आईच. मग कडा बोथट केल्या, चित्र गुळगुळीत करणारी ती भयंकर सोय चालू केली, जी त्याने टीव्ही घरात आला त्याच दिवशी बंद करून टाकली होती. दुसऱ्या डिस्कवाल्यांना ज्यासाठी त्याने इतकी वर्षं शिव्या घातल्या, ते सगळे अपराध त्याने स्वतःच्या हाताने एकेक करून केले. शेवटी सासूबाईंचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा झाला. बायकोने पास केलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही.

रविवारी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले. जेवणं झाली, पडदे ओढले. सासरे मधल्या खुर्चीत बसले, सासूबाई त्यांच्या शेजारी, मुलगी गादीवर, आणि भिंगराव टीव्हीच्या अगदी बाजूला, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच सासऱ्यांनी घसा साफ केला. हीच का ती नवी डिस्क, असं त्यांनी विचारलं. हीच, भिंगराव म्हणाला. सासरे जरा पुढे सरकले, जरा मागे सरकले. आमच्या टॉकीजमध्ये पडद्याला भोक होतं तरी याच्यापेक्षा बरं दिसायचं, असं त्यांचं मत पडलं. भिंगरावाने रिमोट मांडीखाली सरकवला. कुठल्या कंपनीची आहे, सासऱ्यांनी विचारलं. अशांवर खरं तर कारवाई व्हायला पाहिजे. माणसांच्या चेहऱ्यावर साय धरल्यासारखी दिसते. बायकोने त्यांना दुजोरा दिला. ती म्हणाली, बाबा, मी याला म्हटलं होतं, नीट तपासून घे, पण याला चित्रातलं काही कळतं का? भिंगरावाने तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर बंगल्यात राहायला आला. माळी घाबरला, कुत्रं रडलं. संध्याकाळ होऊ लागली. टीव्हीवर ती आधीच झाली होती. तळ्याचा सीन जवळ आला तसा सासऱ्यांनी आवाज खाली आणून लेकीला आठवण करून दिली, की आता बघ, इथेच तुझ्या आईने.

पाणी हललं. भिंगरावाला ते चित्र बघवेना. म्हणून त्याने मान वळवली आणि त्याची नजर सासऱ्यांवर गेली.

सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हे, घट्ट आवळलेले. मान अर्धी भिंतीकडे, हनुवटी छातीला टेकलेली, डावा हात सासूबाईंच्या मनगटावर. भिंगराव बघतच राहिला. त्याने सासूबाईंना खूण केली. त्या पडद्याकडे बघत होत्या, आपण कितपत बिघडलो आहोत ते पाहात होत्या. त्याने पुन्हा खूण केली. त्यांनी वळून पाहिलं.

त्या दिवशी टॉकीजमध्ये त्या स्वतःकडे बघत होत्या. नंतर कधी टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हाही स्वतःकडेच. नवऱ्याकडे त्यांनी या सीनच्या वेळी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं. बाई तळ्यातून वर आली, हात वर केला, काठावरून चालत गेली, डॉक्टर कोसळला, संगीत थांबलं, आणि तोवर त्या नवऱ्याच्या आवळलेल्या डोळ्यांकडेच बघत राहिल्या.

संगीत थांबल्यावर सासऱ्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. हात हळूच काढून घेतला.

"काय सीन आहे," ते म्हणाले. "आजही तोड नाही."

सासूबाईंनी जावयाला सिनेमा थांबवायला सांगितला. मग अगदी साध्या आवाजात नवऱ्याला विचारलं, ती बाई कुठल्या हाताने खुणावते? सासरे म्हणाले, हाताने कसली, मानेने. बरं, चालत कुठे जाते? बंगल्याकडे, आणखी कुठे. सासूबाईंनी मान हलवली. बाई बंगल्याकडे पाठ करून जाते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही हा सीन कधी पाहिलाय का?"

सासऱ्यांनी शर्टाची बाही सारखी केली. आवाज चढवून, असं काय विचारतेस, एवढं म्हणाले. मग त्यांना काहीतरी सुचलं.

"त्या दिवशी मी तुझ्याकडे बघत होतो."

"डोळे मिटून?"

मुलीने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला. सासूबाई हसल्या नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावरचा कित्येक वर्षांचा कसलासा ताण उतरल्यासारखा झाला. त्या भिंगरावाकडे वळल्या आणि म्हणाल्या, आता नीट करा तुमचं ते चित्र.

त्याने इतक्या झपाट्याने कधी काही केलं नव्हतं. कडा परत आल्या, काळ्यातून झाडं वेगळी झाली, माळ्याला सुरकुत्या फुटल्या. सासरे चकित होऊन बघत होते. सीन मागे नेला. सासूबाईंनी नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, मी आहे, बघा आता.

सासऱ्यांनी बघितलं. सुरुवातीला पापण्यांच्या फटीतून, मग जरा जास्त. केस वर आले, खांदे वर आले, चेहरा वर आला. त्यांचे डोळे पूर्ण उघडले. ते पुढे वाकले, इतके, की तेवढं भिंगरावालाही आजवर कधी वाकावं लागलं नव्हतं. चित्र थांबवा असं त्यांनी हातानेच सांगितलं. पडद्यावर बघितलं, शेजारी बघितलं, पुन्हा पडद्यावर.

सासरे उठले, खिडकीपाशी गेले आणि पडदा थोडा सारून बाहेर बघत उभे राहिले. लेक उठायला लागली तशी सासूबाईंनी तिला खुणेने बसवलं. त्यांचा स्वतःचा चेहरा मात्र उतरला होता. जावयाचं डिस्कचं वेड, आपलं तोंड उघडणं, सगळ्याचाच त्यांना पश्चात्ताप होऊ लागला असावा.

"पाणी गार होतं?" सासऱ्यांनी खिडकीपाशी उभं राहूनच विचारलं.

"होतं."

"आजारी पडली असशील."

"पडले होते. आठवडाभर अंथरुणात होते."

"मला कुणी कळवलं नाही."

"कोण कळवणार? तेव्हा आपली ओळखसुद्धा नव्हती."

"तरीपण," सासरे म्हणाले.

ते येऊन परत आपल्या खुर्चीत बसले. थोडा वेळ नाक पुसण्यात गेला. मग त्यांनी एकेक चौकशी सुरू केली. कुणाच्या घरून कपडे घेऊन गेली होतीस, कोरडी कुठे झालीस, तो दिग्दर्शक अजून जिवंत आहे का, कारण असल्यास त्याच्याशी दोन शब्द बोलायचे होते. सासूबाईंनी सगळं सांगितलं, शिंकेसकट. शिंकेवर सासरे पहिल्यांदा हसले. पाण्यातून वर येऊन शिंकणारं भूत अजून बघायचं राहिलंय म्हणाले. मग त्यांनी तो सीन परत लावायला लावला, आणि पुन्हा परत. तिसऱ्या वेळी त्यांनी जावयाला बजावलं, की हिच्या कपाळावर डावीकडे एक बारीक रेघ येते, ती फिल्मवरची आहे, कंपनीला कळवा. भिंगरावाने बघितलं. रेघ खरंच होती. इतक्या वर्षांत या घरात त्याला पहिल्यांदाच कुणीतरी आपलं माणूस भेटलं.

सिनेमा पुढे कसा संपतो हे त्या दिवशी कुणीच पाहिलं नाही.

डिस्क सासरे घेऊन गेले. त्यांच्याकडे आता कुणीही आलं, गॅसवाला का असेना, की त्याला बसवून तळ्याचा सीन दाखवला जातो. बघणारे सासूबाईंना विचारतात, एवढ्या अंधारात, एवढ्या पाण्यात, भीती नाही वाटली? सासूबाई म्हणतात, भीती कसली, पण नव्या चपला होत्या, त्यातली एक चिखलात गेली. बराच वेळ शोधली, नाही सापडली.